समाधानी कामगार जास्त माल काढतो का?

तिसरी_पाळी

विषय एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्यांचा. दोनशे ते पाचशे माणसं, गाड्यांचे सुटे भाग, काही कायम, काही कंत्राटी. एचआर वर्षातून एकदा समाधानाची पाहणी घेतं, ५ पैकी ३.४ वगैरे आकडा येतो. मग मिटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं, हा आकडा ४ वर न्या, उत्पादन आपोआप चढेल. त्यापुढची पायरी म्हणजे तो सुपरवायझरच्या केआरएत (ज्यांवर त्याचं वर्षाचं मूल्यमापन होतं त्या उद्दिष्टांत) घालणं, वीस टक्के वजनाने.

मला यात तथ्य वाटतं. हॉथॉर्नचे प्रयोग सगळ्यांना माहीत आहेत: दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, कारण आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय म्हणून माणसं खूश झाली.

तर प्रश्न दोन. समाधान आणि कामगिरी यांचा संबंध खरोखर किती? आणि तो आकडा सुपरवायझरच्या केआरएत घालावा का?

"आमच्या हापिसात काय झालं" हे कृपया नको, त्याचे धागे इथे पायलीचे पन्नास आहेत. हिशेब, पद्धती आणि कुठे फसतं ते लिहा.

मधली_सुट्टी

रुमाल टाकून ठेवतो. जेवून येतो.

सरासरी_विचलन

थेट आकडे देतो.

१९५५ मध्ये ब्रेफिल्ड आणि क्रॉकेट यांनी तोवरचे अभ्यास चाळले आणि म्हणण्याजोगा संबंध दिसत नाही असं लिहिलं. १९८५ मध्ये इयाफाल्डानो आणि मुचिन्स्की यांनी बरेच अभ्यास एकत्र करून सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) काढला, तो ०.१७. पुढे २००१ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने, ५४,४१७ माणसं एवढा पसारा घेतला, मापनातल्या चुकांची दुरुस्ती केली, आणि आकडा आला ०.३०. त्यातही गुंतागुंतीच्या कामांना ०.५२.

०.३० म्हणजे किती, ते मिटिंगमध्ये असं सांगावं. शंभर जणांची समाधानाप्रमाणे रांग लावा आणि मधोमध कापा. वरच्या पन्नासांतला कोणीही एक उचला. तो कामगिरीतही वरच्या अर्ध्यात असण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. संबंधच नसता तर ५० असती. ०.१७ ला ५५ येते, ०.५२ ला ६७. काही पुस्तकं ०.३० साठी ६५-३५ सांगतात, पण ते गृहीतक वेगळं आहे, अशा रांगेला ते लावू नका.

नाणेफेकीपेक्षा बरं आहे. यावर कर्ज काढू नये एवढंच.

गेजब्लॉक

मशीनला विचारा ती खूश आहे का.

गंमत सोडा, हिशेब बघा. सीएनसी टर्निंग (प्रोग्रामवर चालणारा लेथ), सायकल ९० सेकंद, तयार नग काढून दुसरा चकमध्ये (नग धरणाऱ्या पकडीत) लावायला १५. एकूण १०५. पाळी ४८० मिनिटांची, त्यातून जेवण ३० आणि दोन चहा १०-१० वजा, उरली ४३०. म्हणजे २५,८०० सेकंद, भागिले १०५, हातात २४५ नग. ऑपरेटर समाधानाने तरंगत असला तरी ३०० निघणार नाहीत, कारण ते ९० सेकंद प्रोग्रामचे आहेत, त्याचे नाहीत. लोडिंग १५ चं १२ सेकंदांवर आणलं तर २५२. सात नग वाढले, जेमतेम ३ टक्के.

ऑपरेटरच्या हातातलं काम दुसरीकडे असतं. सेटअप बदलायला ६० ऐवजी ४० मिनिटं लागली तर तिथेच ११ नग सुटतात. इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) कड बोथट व्हायला लागली की कटिंगचा आवाज बदलतो, चिप वेगळी वळायला लागते, फिनिशवर रेघ उमटते. त्या क्षणी कड फिरवणारा, माप घेऊन १०-२० मायक्रॉनचा ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देणारा एक माणूस, आणि "गेज जातंय ना, चालू दे" म्हणणारा दुसरा. त्या पाळीच्या फळ्यावर दोघांचा आकडा सारखाच लागतो. फरक पुढच्या पाळीत कळतो, ६० नग रिवर्कला पडले की. आणि तेव्हा मशीनसमोर तिसरंच नाव असतं.

म्हणून नुसते नग मोजून समाधानाशी संबंध शोधाल तर हाती काही लागणार नाही. शोधायचाच तर सेटअपचा वेळ, पाळीच्या शेवटच्या तासातलं रिजेक्शन, टूल तुटण्याची संख्या, आणि मशीन पुढच्याच्या ताब्यात कुठल्या अवस्थेत दिलं, इथे शोधा.

हेडफोनवाली

गेजब्लॉक, हे कॉल सेंटरलाही अगदी असंच आहे, फक्त तिथे चकच्या जागी ग्राहक असतो. :) सविस्तर लिहिते.

साचेखातं

तिसरी_पाळी, हॉथॉर्नची कथा तुम्ही लिहिलीत तशी सगळीकडे सांगतात, पण घडलं ते जरा निराळं.

शिकागोजवळच्या सिसेरोतला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा कारखाना. दिव्यांचे प्रयोग १९२४ ते १९२७, त्यातून ठाम काही निघालं नाही. नाव झालं ते १९२७ पासूनच्या रिले जोडणीच्या खोलीचं. पाच मुली बाकावर रिले (टेलिफोन यंत्रणेतले विजेचे स्विच) जोडायच्या, सहावी सुटे भाग पुरवायची. उत्पादन वाढलं, खरं आहे. पण त्यांचा पगार मोठ्या विभागाऐवजी त्या छोट्या गटाच्या उत्पादनाला जोडला होता. मधल्या विश्रांती दिल्या होत्या. आणि जानेवारी १९२८ मध्ये पाचांतल्या दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी बसवल्या होत्या. आता यातलं किती श्रेय आनंदाचं, किती दराचं आणि किती बदललेल्या दोन जोड हातांचं, हे कसं वेगळं काढणार?

त्याच कारखान्यातली दुसरी खोली कोणी सांगत नाही. १९३१-३२, तारा जोडणारे १४ पुरुष. हसणं-खेळणं, चेष्टा, पैजा, सगळं चालायचं. पण आपसात ठरलेल्या आकड्याच्या वर जो जाईल त्याच्या दंडावर ठोसा. जास्त माल काढला तर उद्या दर कापतील ही भीती. गटात मजेत असलेली माणसं आणि तरीही मोजूनमापून काम. मुंबईच्या गिरणीतल्या साचेवाल्याला (माग चालवणाऱ्याला) हे शिकवायला शिकागोहून कोणी यायची गरज नव्हती.

चहा_कटिंग

दंडावर ठोसा हा केपीआय आवडला.

हेडफोनवाली

दोन अभ्यास, दोन्ही खऱ्या कामावरचे.

पहिला ब्रिटिश टेलिकॉमच्या विक्री विभागातला, ११ कॉल सेंटर, सहा महिने. दर आठवड्याला ईमेलवर एकच प्रश्न, उत्तर म्हणून चेहरे. बेलेट, द नेव्ह आणि वॉर्ड यांचं काम. माणूस खूश असलेल्या आठवड्यात विक्री जास्त, सुमारे १३ टक्के असा आकडा प्रसिद्ध झाला. "खूश म्हणून विक्री झाली की विक्री झाली म्हणून खूश?" हा प्रश्न त्यांनी हवामानाने सोडवला. बाहेर मळभ, इमारतीला खिडक्या जास्त, म्हणजे मूड खाली. ढग काही विक्री पाहून येत नाहीत. खरी गोम पुढे आहे: परिणाम दिसला तो ग्राहकाशी बोलून त्याचं मन वळवायच्या विक्रीत. साधी ऑर्डर नोंदवून घ्यायच्या कामात जवळपास नाही. म्हणजे गेजब्लॉक यांचे ९० सेकंद तिथेही आहेतच.

दुसरा शांघायच्या सीट्रिपमधला, २०१०-११, निकोलस ब्लूम आणि सहकारी. स्वेच्छेने तयार झालेल्यांतून ज्यांची जन्मतारीख सम, ते नऊ महिने घरून काम करणार. विषम तारखेचे ऑफिसात. घरच्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. पण ते १३ फोडून बघा: ९ टक्के जास्त मिनिटं कामावर बसल्यामुळे, म्हणजे कमी ब्रेक आणि कमी आजारपणाच्या रजा. दर मिनिटाला जास्त कॉल याचे फक्त ४. समाधान वाढलं आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं.

हात पूर्वीसारखेच चालतात, माणूस जागेवर जास्त वेळ असतो.

मस्टर

शेवटचं वाक्य फ्रेम करून टाइम ऑफिसात लावायला हवं.

कारखान्यात समाधानाचा परिणाम पहिल्यांदा मस्टरवर उमटतो. बघायच्या त्या तीन गोष्टी. एक, न कळवता घेतलेली रजा. कळवून घेतलेली धरू नका, त्यात लग्नं आणि गावच्या जत्रा येतात. दोन, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची आणि सोमवारची गैरहजेरी. तीन, पहिल्या ९० दिवसांत सोडून जाणारे.

सोडून जाण्याचा हिशेब गेजब्लॉक यांच्याच मशीनवर करतो. समजा नवा ऑपरेटर पहिल्या आठवड्यात ६० टक्के देतो, दुसऱ्यात ७५, तिसऱ्यात ९०. घट झाली ४०, २५ आणि १० टक्के. सहा दिवसांचा आठवडा, रोज २४५ नग. तीन आठवड्यांत साधारण ११०० नग कमी. लोडिंग चपळ करून रोज सात नग वाढवत हे भरून काढायला १५७ पाळ्या लागतील. शिकाऊ हाताचं रिजेक्शन आणि त्याच्याजवळ उभं राहणाऱ्या सेटरचा वेळ यात धरलेलाच नाही.

म्हणजे समाधानावरचा खर्च उत्पादनाच्या नावाने मागू नका. मनुष्यबळ टिकवण्याच्या नावाने मागा, हिशेब बसतो.

शब्दखेळ

सगळे ३.४ हा आकडा खरा मानून चालले आहेत. तो येतो कुठून?

मराठीत "समाधान" या शब्दाला वारकरी वळण आहे. असेल त्यात चित्त शांत ठेवणं. "तुम्ही तुमच्या कामाबाबत समाधानी आहात का?" असं विचारलं की पन्नाशीचा माणूस स्वतःच्या स्वभावाबद्दल उत्तर देतो, कामाबद्दल नाही. असमाधानी म्हणवून घेणं त्याला हावरटपणाचं वाटतं. त्याच कागदावर पंचविशीतला आयटीआयवाला पगाराबद्दल उत्तर देतो. दोघांची सरासरी काढून ३.४.

त्यापेक्षा कामाचे तुकडे विचारा. स्मिथ, केंडॉल आणि ह्यूलिन यांच्या १९६९ च्या मापात पाच तुकडे आहेत: प्रत्यक्ष काम, पगार, बढती, वरिष्ठ, सहकारी. प्रत्येकावर तीन-चार रोजच्या भाषेतली वाक्यं पुरतात. "काही अडलं तर सुपरवायझर पाळी संपायच्या आत उत्तर देतात." "माझ्या मशीनचं रिजेक्शन मला त्याच दिवशी कळतं." "हे काम धाकट्या भावाला सुचवेन."

नकारार्थी वाक्यं टाळा. "माझं काम कंटाळवाणं नाही" याला "असहमत" म्हणजे नेमकं काय, हे तिसऱ्या पाळीतून सकाळी सातला सुटलेल्या माणसाला कसं कळणार? उत्तरं उलटसुलट होतात आणि पाहणी करणारा म्हणतो, "कामगारांनी गांभीर्याने भरलं नाही". वाचायची सवय नसलेल्यांसाठी चेहऱ्यांची पट्टी वापरा, ती १९५५ पासून चालत आली आहे. आणि फॉर्म सुपरवायझरने वाटायचा नाही, गोळा तर मुळीच करायचा नाही.

चहा_कटिंग

सुपरवायझर शेजारी उभा असेल तर सगळेच चेहरे हसरे. पट्टीवरचे पण आणि वरचे पण.

मस्टर

शब्दखेळ ताईंच्या यादीत वेळ टाकतो. एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं वाटली की सहा आठवडे पाहणी नको. दिवाळीच्या बोनसआधीही नको, लगेच नंतरही नको. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, कमाल २०. ८.३३ वेळेवर दिला तर कोणी नाचत नाही, आठ दिवस उशीर झाला तर गेटवर घोषणा. हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून हेच मांडलं होतं: पगार, नियम, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस चिडतो, सुधारल्या म्हणून कामात रमत नाही. रमतो तो कामाच्या स्वरूपामुळे, जबाबदारीमुळे, जमल्याच्या जाणिवेमुळे.

शब्दखेळ

ते मांडणीपुरतं ठीक, पण पद्धत कच्ची आहे. "कामात फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा, फार वाईट वाटलं तो सांगा" असं विचारलं की चांगलं ते माझ्यामुळे, वाईट ते कंपनीमुळे, असंच कोणीही सांगणार. दोन याद्या आपोआप वेगळ्या पडतात.

मस्टर

मान्य. बोनसचं निरीक्षण तरी टिकतं.

तिसरी_पाळी

हॉथॉर्न मागे घेतो. :) पण सरासरी_विचलन यांचे ०.३० आहेतच की. समाधान वाढवलं तर कामगिरी थोडी तरी वाढेल?

सरासरी_विचलन

इथेच गाडी घसरते. ०.३० हा एकाच वेळी मोजलेल्या दोन गोष्टींचा संबंध आहे. कोण कोणाला ओढतंय ते त्यात नाही.

लॉलर आणि पोर्टर यांनी १९६७ मध्येच उलटी दिशा मांडली होती: चांगली कामगिरी, त्यामुळे बक्षीस, त्यामुळे समाधान. बक्षीस कामगिरीशी जोडलेलं नसेल तर साखळी तिथेच तुटते. २००७ मध्ये बोलिंग यांनी दाखवलं की माणसाचा स्वभाव आणि स्वतःबद्दलचा विश्वास बाजूला काढला की उरलेला संबंध बराच आटतो. (शब्दखेळ यांचा पन्नाशीचा माणूस आठवा.) २००८ मध्ये रिकेटा यांनी फक्त असे अभ्यास घेतले ज्यांत दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा मोजल्या होत्या. आधीचं समाधान नंतरच्या कामगिरीला किती हलवतं? ०.०६. शून्य नाही, पण मिटिंगमध्ये टाळ्या मिळवण्याइतकंही नाही.

कंपनीच्या पातळीवरही असंच. श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ३५ कंपन्यांची आठ वर्षांची माहिती पाहिली. एकूण समाधानातून पुढचा नफा जितका सांगता येत होता, त्यापेक्षा नफ्यातून पुढचं समाधान जास्त नीट सांगता येत होतं.

कारखान्यात स्वतः तपासायचं असेल तर रीत अशी. जूनमध्ये समाधान मोजा. जुलै ते सप्टेंबर कामगिरी मोजा. आणि मार्च ते मे ची कामगिरी हिशेबात आधीच धरा, नाहीतर जुनेच चांगले कामगार पुन्हा चांगले दिसतील आणि तुम्ही श्रेय समाधानाला द्याल. कामगिरी म्हणून साहेबाने दिलेलं रेटिंग घेऊ नका. एक तर बेल कर्व्हमुळे (ठरलेल्या प्रमाणात गुण वाटायच्या पद्धतीमुळे) बहुतेक सगळे ३ मध्ये कोंबलेले असतात, आणि सगळे सारखेच असले की संबंध दिसणार कुठून. दुसरं म्हणजे हसतमुख माणसाला साहेब तसाही एक अंक जास्त देतो.

गेजब्लॉक

ओईईसुद्धा (मशीनची एकूण परिणामकारकता) व्यक्तीच्या नावावर लावू नका. उपलब्धता ०.९०, वेग ०.९५, गुणवत्ता ०.९९, गुणाकार ०.८५ च्या आसपास. उपलब्धतेतली ती दहा टक्के घट म्हणजे कास्टिंग वेळेवर आलं नाही, मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या लाइनवर होता, कूलंट पंप गेला. यात ऑपरेटरचं समाधान कुठे शोधणार?

साचेखातं

गेजब्लॉक यांनी नस पकडली. आपल्याच भागातला दाखला आहे. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला: १७ कंपन्या, २८ कारखाने. त्यातल्या २० कारखान्यांची एक महिना तपासणी, त्यातल्या १४ ना पुढे चार महिने सल्लागार. सल्लागारांनी काय केलं? सुताचा साठा मोजून नोंदवला, पडून राहिलेलं सूत बाहेर काढलं, साच्यांच्या बंद पडण्याची कारणं लिहायला लावली, दोषांचे प्रकार रोज मांडले, त्यावर रोजची छोटी बैठक घेतली. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. खुशी मोजायचा फॉर्म त्यात नव्हता.

आठेक वर्षांनी परत जाऊन पाहिलं तेव्हा त्यातल्या निम्म्या सवयी सुटल्या होत्या, मॅनेजर बदलले हे त्याचं एक मोठं कारण. तरी हे कारखाने बाकीच्यांच्या पुढेच होते.

हेडफोनवाली

काका, पण याचा अर्थ माणूस गौण असा होतोय. तुम्हाला तसं म्हणायचं नसावं.

साचेखातं

नाही हो. उलट बाजूही सांगतो. १९५३, अहमदाबादची कॅलिको मिल. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस आले तेव्हा स्वयंचलित साचे बसलेले होते, पण अपेक्षेइतका माल पडत नव्हता. २२४ साचे, २९ माणसं आणि कामाचे १२ प्रकार: विणकर, बॅटरी (साच्यातला कांड्यांचा साठा) भरणारा, तुटलेला ताणा सांधणारा, बीम चढवणारा, जॉबर (मुकादम), तेलवाला, झाडूवाला वगैरे. प्रत्येकाकडे वेगळ्या संख्येचे साचे. त्यामुळे एकाच साच्यावर आज अमका, उद्या तमका. दोष निघाला की तो कोणाचा, याचं उत्तर बारा दिशांना.

तोडगा साधा होता. सात जणांचा एक गट, त्याला ६४ साचे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचेच. कोण कुठल्या गटात, ते कामगारांनी आपसात ठरवलं. कार्यक्षमता सुमारे ८० वरून ९५ टक्क्यांवर गेली, खराब कापड ३२ वरून २० टक्क्यांवर आलं. साचे होते तेच, दोन तासांत झालं असंही नाही, मध्ये घसरणही झाली आणि ती निस्तरावी लागली. पण काम कोणाचं हे ठरल्यावर दोन्ही गोष्टी एकदम हलल्या, माल आणि माणूस.

चहा_कटिंग

धाग्यावर तुटलेला धागा सांधणाऱ्याची चर्चा. संपादक मंडळाने नोंद घ्यावी.

शब्दखेळ

साचेखातं काकांच्या दाखल्याचं सूत्र हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी मांडून ठेवलंय. कामातलं वैविध्य, कामाचा पूर्ण तुकडा हातात असणं, त्याचं महत्त्व, या तिन्हींची सरासरी, गुणिले स्वातंत्र्य, गुणिले केलेल्या कामाचा निकाल स्वतःला कळणं. प्रत्येकाला १ ते ७ गुण.

उदाहरण घ्या: ५, ४, ६ ची सरासरी ५. स्वातंत्र्य २, निकाल कळणं २. गुणाकार २०. आता "तुमचा पार्ट ब्रेकमध्ये बसतो, माणसांचे जीव वाचतात" अशी पोस्टरं लावून महत्त्व ६ चं ७ केलंत तर २१ आणि थोडं. तेवढ्याच मेहनतीत फायनल इन्स्पेक्शनचा निकाल त्याच पाळीत ऑपरेटरच्या फळ्यावर लिहायला लागलात आणि निकाल कळणं २ चं ४ झालं, तर ४०. हे गुणाकाराचं सूत्र प्रत्यक्ष आकड्यांत साध्या बेरजेपेक्षा फार सरस ठरत नाही, पण पैसा कुठे घालू नये हे त्यातून लख्ख दिसतं.

गेजब्लॉक

पोस्टरवाल्या परिच्छेदाला टाळ्या. ऑपरेटरला त्याचं रिजेक्शन तीन दिवसांनी लाल बिनमध्ये दिसतं तेव्हा त्याला तो सेटअपही आठवत नसतो.

तिसरी_पाळी

मग केआरएचं काय? मूळ प्रश्न तोच होता.

मस्टर

घालू नका. सरळ सांगतो काय होतं ते. पाहणीच्या आधीच्या पंधरवड्यात ओव्हरटाइम सढळ. रजेचे अर्ज डोळे मिटून मंजूर. हेल्मेट-गॉगल न घालणाऱ्याला कोणी बोलत नाही. रिजेक्शन "रिवर्कमध्ये" सरकवलं जातं, कारण टोकलं तर चेहरा पडेल. फॉर्म भरायच्या दिवशी वडापाव. आकडा ३.४ चा ४.१ होतो, सुपरवायझरला इन्सेंटिव्ह मिळतो, आणि ज्या सुपरवायझरने पहिला पीस पास झाल्याशिवाय मशीन चालू देणार नाही म्हणून वाईटपणा घेतला त्याचा २.९. पुढच्या वर्षी तोही शहाणा होतो.

केआरएत घालायचंच तर त्याच्या हातातलं घाला. पाळ्यांचं वेळापत्रक सात दिवस आधी लागलं का. रजेच्या अर्जाला ४८ तासांत हो किंवा नाही आलं का. गेज किंवा टूल नाही म्हणून मशीन किती मिनिटं उभं राहिलं. प्रत्येक मशीनवर काम येणारी किमान तीन माणसं तयार आहेत का. ही सगळी वहीत मिळतात, कोणाचा मूड विचारावा लागत नाही.

हेडफोनवाली

सहमत, फक्त ४८ तासांत "नाही" आलं तर कारणही लिहिलेलं असावं. नुसतं पटकन नाही म्हणणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतील.

मस्टर

बरोबर. घालतो.

तिसरी_पाळी

ठीक. पाहणी ठेवू, पण केआरएच्या बाहेर. विभागवार निकाल फळ्यावर लावायचा विचार आहे, नावाशिवाय. आठपेक्षा कमी माणसं असलेल्या गटाचा आकडा द्यायचा नाही, बरोबर ना? मशीन शॉपमध्ये २० आहेत, त्यातले १४ कायम, ६ कंत्राटी. एकूण आणि कायम असे दोन आकडे देऊ, कंत्राटींचा सोडू.

सरासरी_विचलन

थांबा. एकूण ३.४ गुणिले २० म्हणजे ६८. कायमांचा ३.७ गुणिले १४ म्हणजे ५१.८. वजाबाकी १६.२, भागिले ६. कंत्राटींचे २.७ तुम्हीच फळ्यावर लावलेत. ठेकेदाराच्या माणसाला ही वजाबाकी येते. एक तर फक्त एकूण आकडा लावा, किंवा दोन-तीन शॉपमधले कंत्राटी मिळून एक गट करा.

मधली_सुट्टी

जेवून आलो. जागेवर आधीच कोणीतरी वजाबाकी मांडून बसलंय. रुमाल उचलतो.